शेऱ्याचा रकाना

कुत्रं चावलेला माणूस औषधाच्या खिडकीशी आला की केस पेपर सरकवता सरकवता विचारतो, "चौदा घ्यावी लागतील का? पोटात?" बेंबीभोवतीची ती चौदा इंजेक्शनं आपल्या देशात बंद होऊन वीस वर्षं उलटली. विचारणाऱ्याचा पुष्कळदा तेव्हा जन्मही झालेला नसतो. भीती मात्र घरातून आलेली असते. माझी सगळी नोकरी सांगली जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत औषध निर्माण अधिकारी म्हणून झाली. लोक कंपाउंडर म्हणायचे, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. या एका प्रश्नाचं माझं उत्तर मात्र नोकरीच्या वर्षांत बदलत गेलं, आणि ते बदललं एका बाईमुळे. तिच्याविषयी लिहायचं बरीच वर्षं मनात होतं. नाव घालायला तिनंच मनाई केली आहे. आमच्या आळीत सगळे तिला अक्का म्हणतात, तेवढं पुरे.

१९७८ साली मी सहावीत होतो. अक्का शेजारच्या घरची थोरली लेक. नवरा मुंबईला गिरणीत. परळच्या खोलीत आधीच सात-आठ माणसं झोपत, म्हणून दोन लहान मुलांना घेऊन ती माहेरीच राहायची. उन्हाळ्यात, सकाळच्या शाळेच्या दिवसांत, ओढ्याकडच्या पाणंदीत एका भटक्या कुत्र्यानं तिच्या पोटरीचा लचका तोडला आणि तेच कुत्रं पुढं येऊन शाळेच्या वाटेवर माझ्या हाताला चावलं. दोघांच्याही जखमांत माझ्या आजीनं तिखट आणि चुना भरला. दुपारपर्यंत माझ्या वडिलांनी आणि आणखी काही जणांनी ते कुत्रं मळ्यात गाठून मारलं आणि बांधाला पुरलं. गावानं वडिलांची पाठ थोपटली. मलाही अभिमान वाटला होता.

सुया तालुक्याच्या दवाखान्यात मिळायच्या. आई-वडील दोघंही रोजगारावर जात. रोज अर्धा दिवस मोडणं त्यांना परवडणारं नव्हतं. अक्का म्हणाली, "मला जायाचंच हाय. पोरगं माझ्यासंगं धाडा." म्हणून सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं जाऊ लागलो. काचेची सिरिंज, पातेल्यात उकळत ठेवलेल्या सुया, बाटलीत गढूळ पांढुरकं औषध. पोटाची कातडी चिमटीत धरून ते आत सोडत. आज डावीकडं, उद्या उजवीकडं, परवा खाली. आदल्या जागा लाल होऊन खाजत, गाठी येत. मला कमी मात्रा होती, अक्काला जास्त. ती पदर बाजूला करून भिंतीकडं बघत बसायची आणि झालं की कंपाउंडरला विचारायची, "आता ह्याचं करा." माझं होईपर्यंत ती उठायची नाही.

मधेच एकदा मी स्टँडवरून पळालो आणि रसवंतीमागं जाऊन बसलो. अक्का लंगडत शोधत आली. मारलं नाही, ओरडली नाही. शेजारी बसली आणि तिच्या मामाच्या गावात तिनं लहानपणी पाहिलेल्या माणसाबद्दल सांगितलं. त्याला तांब्यातलं पाणी दिसलं तरी घसा आवळायचा. तहान तर लागलेली असायची. दोन दिवसांत गेला. "सुई दुखती, मला बी दुखती," म्हणाली. "पर ते बघितल्यावर सुईचं काय वाटत न्हाई बघ." त्यानंतर मी पळालो नाही. समजूत पटली म्हणून नव्हे, त्या माणसाच्या भीतीनं.

तिच्या शेवटच्या काही सुया राहिल्या होत्या तेव्हा बसमध्ये ती म्हणाली की कंबर धरल्यासारखी झाली आहे. रात्री ताप आला. सकाळी ती भिंत धरून उठली, दुपारी पायांना मुंग्या, संध्याकाळी पाय उचलेनात आणि लघवी अडली. बैलगाडीतून डांबरी सडकेपर्यंत आणि तिथून मिळेल त्या ट्रकनं तिला मिरजेला नेलं.

गावात एकच बोललं गेलं: ती पिसाळली. तिच्या घरच्या रांजणातलं पाणी कुणी पिईना. तिच्या मुलांशी आम्हाला खेळू देईनात. मी तर तिच्याबरोबरचाच. रात्री गोधडीत तोंड घालून मी हळूच आवाज काढून बघायचो, भुंकल्यासारखा येतो का म्हणून. अक्काच्या घरावरून जाताना मी धावत जायचो. जिनं मला रोज हाताला धरून नेलं तिच्या मुलांकडं बघायलाही मला भीती वाटत होती.

मिरजेच्या डॉक्टरांनाही पहिले काही दिवस ठामपणे सांगता येईना. त्यांची अडचण काय होती ते मला पुढं समजलं. रेबीजचे सगळेच रुग्ण चवताळत नाहीत. साधारण पाचांतला एक नुसता लुळा पडत जातो; पाण्याची भीती नाही, आरडाओरडा नाही. आणि त्या वेळच्या लशीमुळे क्वचित जो पक्षाघात व्हायचा तोही असाच: लस सुरू झाल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत ताप, पाठदुखी, मग पाय जाणं, लघवी अडणं. कधी चेहऱ्याची एक बाजू वाकडी, कधी मेंदूला सूज येऊन बेशुद्धी, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पायांपासून वर चढत श्वासापर्यंत जाणारा प्रकार. एका निदानात लस अपुरी पडलेली असते, दुसऱ्यात लसच कारण असते. पहिल्यात मरण ठरलेलं, दुसऱ्यात बहुतेक माणसं वाचतात. आजच्यासारखं एमआरआय नव्हतं. डॉक्टरांनी सुया थांबवल्या, स्टेरॉइड सुरू केलं, लघवीसाठी नळी घातली, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिला कुशीवर वळवत राहिले आणि वाट पाहिली. आठवडे गेले, ती मेली नाही. तिचं निदान असं झालं.

पण ते ठरण्याआधीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. माझ्याही काही सुया राहिल्या होत्या. अक्काचं ऐकल्यावर आईनं ठरवलं की आता पोराला पाठवायचं नाही. वडील गप्प. दुसऱ्या दिवशी अक्काचा भाऊ मिरजेहून कपडे न्यायला आला आणि आमच्या दारात उभा राहून निरोप सांगितला: पोराच्या राहिलेल्या सुया चुकवू नका, माझं बघून थांबवू नका. कमरेखाली स्वतःचे पाय आहेत की नाहीत हे जिला कळत नव्हतं तिनं तो निरोप धाडला होता. वडिलांनी त्या दिवशी रोजगार मोडला आणि मला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी मला चालायला लावलं, गुडघ्यावर ठोकून बघितलं, पायाच्या तळव्यावर ओरखडा काढला आणि मग सुई दिली. माझं काही बिघडलं नाही. हा त्रास लहान मुलांत कमी दिसतो, मोठ्या माणसांत जास्त. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, अक्कालाही नव्हतं.

चार-पाच महिन्यांनी अक्का काठी घेऊन चालू लागली. डावा पाय तेव्हापासून ओढतो. दुसरं दुखणं कुणाला दिसत नाही: लघवी आली की थांबवता येत नाही. त्यामुळे लांबचा एसटीचा प्रवास, जत्रा, लग्नाच्या पंगती, यांतलं काहीही तिला आधी हिशेब केल्याशिवाय करता आलं नाही. १९८२ च्या संपानंतर नवरा कायमचा गावी आला. तिनं उभ्या उभ्या सांगायचं आणि त्यानं करायचं, असा संसार त्यांनी पुढं केला.

बारावीनंतर मी डी. फार्म.ला गेलो ते काही ध्येय म्हणून नव्हे. मार्क तेवढेच होते. तिथं एका तासाला सरांनी 'सेंपल' हे नाव फळ्यावर लिहिलं आणि अक्काला काय झालं होतं याचा पहिला धागा माझ्या हाती आला. पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचायला सुरुवात केली, ती सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केलेली होती. आपल्याकडं १९०० मध्ये कसौलीला पाश्चर संस्था निघाली. डेव्हिड सेंपल तिचे पहिले संचालक. त्यांनी १९११ च्या सुमारास प्राण्याच्या मेंदूत विषाणू वाढवून तो फिनॉलनं मारायची पद्धत बसवली. ही लस बाटलीत भरून दूरच्या दवाखान्यांत पाठवता यायची. तोवर कुत्रं चावलेल्यांना थेट कसौली किंवा कुन्नूरला जावं लागे. म्हणजे माझ्यासारखं खेड्यातलं पोर एसटीनं जाऊन सुई घेऊन संध्याकाळी घरी येऊ शकलं, ते सेंपल यांच्यामुळे. एवढी वर्षं मी त्या लशीवर मनातून रागावलो होतो. सरांचा तास संपला तेव्हा नुसतं रागावणं अवघड होऊन बसलं.

मग मी हिशेब केला. लशीत शंभर भागांत पाच भाग मेंढीचा मेंदू. मोठ्या माणसाला रोज ५ मिलिलिटर धरलं तर एका सुईत पाव ग्रॅम, चौदा सुयांत साडेतीन ग्रॅम. विषाणू मेलेला, पण मेंदू तसाच. आपल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचं आवरण असतं, वायरीवरच्या प्लास्टिकसारखं. त्याशिवाय संदेश नीट पुढं जात नाही. मेंढीचं मायलिन आपल्या मायलिनशी पुष्कळ जुळतं. शरीर परक्या मेंढीविरुद्ध लढायला उठतं आणि काही थोड्या माणसांत ती लढाई स्वतःच्याच मज्जारज्जूवर येऊन पडते. किती माणसांत? वेगवेगळ्या देशांतले आकडे वेगळे आहेत. कुठं दोन-अडीचशेंत एक, कुठं काही हजारांत एक. पाश्चर यांच्या काळापासून असे रुग्ण दिसत होते आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच कॉन्स्टँटिनोपलमध्ये काम करणाऱ्या पॉल रेमलिंजर यांनी ते गोळा करून मांडले होते. गुपित कुणी ठेवलं नव्हतं. आमच्या गावापर्यंत तेवढं आलं नव्हतं.

नोकरीला लागलो तेव्हाही तीच लस होती. रुग्णालयाच्या फ्रिजमध्ये मी ती मोजून ठेवायचो आणि मोजून द्यायचो. सुईला लोक घाबरत, निम्मे लोक मधेच यायचे बंद होत. वरिष्ठांनी सांगितलेलं आणि मलाही पटलेलं उत्तर असं होतं: "घ्या, काही होत नाही." हे मी किती जणांना सांगितलं त्याची गणती नाही. अक्काच्या शेजारी राहून मी हे सांगत होतो.

एका हंगामात ऊसतोडीला आलेला मराठवाड्यातला एक गडी आला. कुत्रं दंडाला चावलेलं, चावून पळून गेलेलं. पहिली सुई घेऊन तो दुसऱ्या दिवशी आलाच नाही. मुकादमाकडं चौकशी केली तर म्हणाला, इथं कुठल्याशा गावात एक बाई या सुईनं लुळी झाली आहे असं त्यानं ऐकलंय. मी त्याच्या कोप्यावर गेलो आणि सांगितलं, "अफवा आहे, तसं काही होत नाही." तो नुसता बघत राहिला. संध्याकाळी घरी आल्यावर मी हे अक्काला बोलून गेलो, या लोकांना समजावणं किती कठीण असतं अशा सुरात. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "म्हंजे मी अफवा काय रं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला एम-एटी काढायला लावली. जायच्या आधी परसाकडे जाऊन आली, पाणी प्यायली नाही. कोप्यांसमोर उतरून ती काठी टेकत त्या गड्यापुढं जाऊन बसली आणि लुगडं गुडघ्यापर्यंत घेऊन वाळलेला पाय दाखवला. "हे त्या सुईनं झालंय. खरं हाय. ती लुळी बाई मीच." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "किती जणांत एकाला, ते सांग." मी सांगितलं. "आन कुत्रं पिसाळलेलं असलं आन सुई न्हाई घेतली, तर किती वाचत्यात?" मी म्हणालो, रोग उठल्यावर जवळजवळ कुणीच नाही. ती त्याला म्हणाली, "आता तू ठरीव. आन घेतलीस तर एवढं ध्येनात ठेव. पायात मुंग्या आल्या, कंबर धरली, लघवी अडली, तर म्होरली सुई घ्यायच्या आधी ह्याला सांग. मी सांगितलं न्हवतं. बस गाठायच्या घाईत सुई घेऊन आले."

तो गडी आला, कोर्स संपेपर्यंत येत राहिला. मला त्या दिवशी जे मिळालं ते कुठल्याच प्रशिक्षणात मिळालं नव्हतं. लशीचा त्रास लपवला तर लोक लस घेतील असं आम्ही धरून चाललो होतो. ज्या माणसाला त्रास माहीत असतो त्याच्यापुढं आमचं "काही होत नाही" आमचीच किंमत घालवतं. आणि खरं सांगायचा अधिकार जिला सगळ्यांत जास्त होता ती लशीच्या विरुद्ध बोलत नव्हती. तेव्हापासून खिडकीशी मी दोन्ही सांगू लागलो. वेळ जास्त जायचा. मागच्या रांगेतले कुरकुरायचे.

कुत्र्याविषयीची गोष्ट मला त्याच सुमारास कळली. चावणारं कुत्रं सापडलं तर त्याला मारायचं नाही, बांधून दहा दिवस लक्ष ठेवायचं. दहा दिवसांनंतरही ते धडधाकट असेल तर चावलं त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं समजतात आणि पुढच्या सुया थांबवता येतात. मारलं गेलंच तर त्याचं डोकं तपासणीला पाठवायचं. हे मी एका परिपत्रकात वाचलं आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. आमचं कुत्रं बांधाला पुरलेलं होतं. ते बांधून ठेवलं असतं तर कदाचित अक्काच्या शेवटच्या सुया टळल्या असत्या; कदाचित कुत्रं चार दिवसांत मेलं असतं आणि आम्हा दोघांना त्या सुयांनीच वाचवलं हे कळलं असतं. वडील तोवर गेले होते. मी अक्काला सांगायला गेलो, तर तिला ते आधीपासूनच माहीत होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी तिला विचारलं होतं, कुत्रं कुठं आहे. इतक्या वर्षांत आमच्या घरात तिनं तो विषय काढला नव्हता. मी विचारलं, का? म्हणाली, "तुझा बाप पोराच्या काळजीनं धावला. त्याला काय ठावं?" आणि चहा ठेवायला सुनेला हाक मारली.

पुढं माझी बदली त्याच तालुक्याच्या दवाखान्यात झाली. भांडारघर आवरताना जुनी रजिस्टरं निघाली, वाळवी लागलेली. १९७८ च्या वहीत आमची दोघांची नावं एकाखाली एक होती. माझ्या ओळीत शेवटपर्यंत खुणा आणि पुढं 'पूर्ण'. अक्काच्या ओळीत खुणा मधेच थांबलेल्या आणि पुढं 'अपूर्ण'. वर्षाअखेरीच्या बेरजेत ती उपचार अर्धवट सोडून गेलेल्या लोकांत मोजली गेली होती. शेऱ्याचा रकाना कोरा. ज्यांनी ती वही भरली त्यांच्यावर माझा राग नाही. तेव्हा रोज शंभर कामं एका माणसाकडं असत, आणि मिरजेला गेलेल्या रुग्णाचं पुढं काय झालं हे कळवायची काही सोय नव्हती. पण अशा किती ओळी किती दवाखान्यांत असतील? त्रासाचे आकडे देशोदेशी इतके वेगवेगळे का, याचं थोडं उत्तर मला त्या कोऱ्या रकान्यात दिसलं. त्या आठवड्यापासून जो कोणी सुया मधेच थांबवेल त्याच्या ओळीत मी कारण लिहायला लागलो: गावी गेला, पैसे नाहीत, कुत्रं जिवंत, पुरळ आलं, ताप. कारण कळेना तर माणूस पाठवून विचारायचो. २०१० मध्ये औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवायचा देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला आणि छापील अर्ज आले, तेव्हा आमच्या दवाखान्यात ते भरणं कुणाला जड गेलं नाही. सवय अक्काच्या ओळीनं लावलेली होती.

वाचायची आवड मला उशिरा लागली, तीही याच विषयापायी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत थॉमस रिव्हर्स यांनी १९३३ आणि १९३५ मध्ये माकडांवर प्रयोग केले. लशीनंतरचा पक्षाघात विषाणूमुळे होतो की मेंदूच्या अंशामुळे, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी माकडांना रोगाचा संबंधच नसलेला सशाचा निरोगी मेंदू पुन्हा पुन्हा टोचला, आणि काही माकडं लुळी पडली. शरीर स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटू शकतं याचा तो पुरावा होता. त्यातून प्राण्यांमध्ये हा आजार मुद्दाम निर्माण करून अभ्यासायची पद्धत बसली, आणि पुढं मल्टिपल स्क्लेरोसिस या आजाराचं पुष्कळसं ज्ञान तिच्याच आधारानं आलं. इस्राएलच्या वाइझमन संस्थेत मायलिनमधल्या प्रथिनासारखा कृत्रिम पदार्थ बनवत होते. आजार घडवायच्या ऐवजी तो आजार रोखतो असं दिसलं आणि १९९६ मध्ये अमेरिकेत त्याला मल्टिपल स्क्लेरोसिसवरचं औषध म्हणून मान्यता मिळाली. १९८७ मध्ये थायलंडमधल्या, मेंदूपासूनच्या लशीनं आजारी पडलेल्या रुग्णांच्या रक्तात आणि पाठीच्या पाण्यात मायलिनच्या एका प्रथिनाविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली. अक्काच्या बाबतीत जे आम्ही अंदाजानं धरून होतो ते तिथं मोजून दाखवलं होतं.

हे सगळं मी अक्काला ओसरीवर बसून सांगितलं, जमेल तसं. मला वाटलं होतं, आपल्यासारख्यांच्या दुखण्यातून दुसऱ्या कुणाचं औषध निघालं याचं तिला बरं वाटेल. तिनं विचारलं, "त्या माकडांचं म्होरं काय झालं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

लस बदलायला मात्र फार वेळ लागला. चिलीमध्ये फुएनझालिडा यांनी १९५० च्या दशकातच नवजात उंदरांच्या मेंदूपासून लस केली, कारण त्या वयात मायलिन जवळजवळ तयार झालेलं नसतं. त्रास कमी झाला, संपला नाही. मेंदूच नको, पेशी बाटलीत वाढवून त्यांत विषाणू वाढवावा, हा खरा मार्ग निघाला. १९७६ मध्ये इराणमधून बातमी आली की पिसाळलेले लांडगे आणि कुत्रे चावलेल्या ४५ जणांना अशी लस दिली आणि सगळे वाचले. अक्का आजारी पडायच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट. ती लस तेव्हा आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात असणं शक्यच नव्हतं; ती महाग होती, आणि आपल्याकडं चावे लाखांनी. जागतिक आरोग्य संघटना मेंदूपासूनची लस थांबवा असं वर्षानुवर्षं सांगत राहिली आणि आपण डिसेंबर २००४ मध्ये तिचं उत्पादन थांबवलं. उशीर झाला, असंच माझं मत आहे. पण २००३ च्या सर्वेक्षणात देशात वर्षाला सुमारे २०,००० माणसं रेबीजनं मरतात असा अंदाज निघाला होता. दुसरी लस पुरेशी हातात नसताना पहिली बंद केली असती तर तो आकडा कुठं गेला असता, हेही साठ्याचं रजिस्टर सांभाळणाऱ्या माणसाला विसरता येत नाही.

बदलाच्या त्या वर्षी आमच्याकडं नव्या लशीचे डबे मागणीच्या निम्मेही येत नसत. लोक बाहेरून विकत आणायचे; पाच सुयांचे पैसे ऐकून काही जण परत फिरायचे. २००६ मध्ये कातडीत थोडी थोडी, दशांश मिलिलिटर लस द्यायच्या पद्धतीला मान्यता मिळाली, त्यानं एका बाटलीत जास्त माणसं बसू लागली आणि ताण सैल झाला. दंडाला मसुराएवढा फुगवटा येतो, जातो. चौदा सुयांची धास्ती घेऊन आलेला माणूस "झालं एवढंच?" म्हणून हसतो. नव्या लशीनंही फार क्वचित मज्जातंतूंचा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत मी मुंग्या, अशक्तपणा, लघवी हे तीन शब्द उच्चारल्याशिवाय कुणाला सोडलं नाही. तरुण सहकारी त्याला माझा मंत्र म्हणायचे.

हा लेख मी अक्काला वाचून दाखवला. आता तिचं वय पंचाहत्तरच्या आसपास आहे, ऐकू नीट येतं. आधीच्या खर्ड्यात मी तिला सोशिक म्हटलं होतं. तिथं तिनं मला थांबवलं. "सोशिक कशापायी? मी काय हौसेनं सोसलं व्हय?" म्हणाली. मिरजेहून आल्यावर तीन वर्षं ती कुठल्याच दवाखान्याची पायरी चढली नव्हती. धाकट्या मुलाला ताप आला तर नवऱ्याला पाठवायची. सुई देणाऱ्या त्या कंपाउंडरला तिनं आठवडी बाजारात, चारचौघांत शिव्या दिल्या होत्या आणि त्याची बायको शेजारी उभी होती. तिच्या सुया पूर्ण न होता ती जगली आणि माझ्या पूर्ण झाल्या, म्हणून माझ्या आईनं नवस फेडायला कोंबडं कापलं, त्या दिवशी अक्कानं आमच्या घरचं ताट परत पाठवलं होतं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आईनं कधी सांगितलं नाही.

"त्ये समदं घाल," अक्का म्हणाली. मी विचारलं, मग तो निरोप का धाडलास, एवढा राग होता तर? तिला प्रश्नच कळला नाही. राग नंतरचा होता, म्हणाली, आणि तुझ्यावर कशाला असंल? तुला तर मीच घेऊन जात हुते. सोशिक हा शब्द मी खोडला आणि तिनं सांगितलेलं वर लिहिलं.